जादूच्या दारामागची बादली

प्रिय आई,

आधी तुझ्या दुखऱ्या पायाला नमस्कार, मग तुला.

मी मजेत आहे. आपण दोघी भाजी निवडत जी जादूच्या दाराची मालिका बघायचो ना, तिचा सेट दाखवायला काल ऑफिसनं नेलं. राजवाडा थर्माकोलचा निघाला! ज्या ड्रॅगनला तू 'मेलं धुराडं' म्हणायचीस, त्याचं नुसतं मुंडकं उरलंय. त्यावरची धूळ बघून तू फडकं घेऊन धावली असतीस.

मग ते दार आलं. मालिकेतल्यासारखं मनातली जागा सांगायची आणि दार ढकलायचं, की थेट तिथंच! मी आपल्या घरातली खोली सांगितली. हसू नकोस, ढकलताना मी डोळे घट्ट मिटले होते. मागे प्लायवुड, वायरी आणि एक पालथी बादली.

दार ओढून घेताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, "येते गं, आई." इथल्या गाईडला मराठी कुठलं कळायला, त्यानं अर्थ विचारला. सांगितला, तर म्हणतो, "निघताना 'येते' कसं? तुम्ही तर जाताय!" काय कपाळ सांगणार त्याला!

दादा म्हणतो, पाय बरा आहे. मग कधीही फोन केला तरी "आई झोपलीय" का म्हणतो? खरं सांग, उठून बसतेस ना? इथे रजेचं नाव काढलं की साहेब नुसतं "बघू" म्हणतात. चिडून तरी काय करू?

उत्तर दादाकडून लिहवून घेऊ नकोस. तुझ्या वाकड्यातिकड्या अक्षरातली एक ओळ पुरे.

तुझी,
'येते' म्हणून गेलेली लेक