खुर्सीपारला लावलेला फोन

आई, तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कोरोनाची साथ आली आणि आमच्या दवाखान्याची ओपीडी बंद झाली. रोग्यांना समोर बसवून काय खायचं ते सांगणं हे माझं काम, ते आता फोनवर आलं. मी रजिस्टर उघडायची, नंबर लावायची, तक्ता वाचायची. मीठ इतकं, डाळ इतकी, ही फळं नकोत. पलीकडून "हो जी" यायचं. मला भीती वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं.

त्या दिवशी मी खुर्सीपार वस्तीतल्या एका घरी फोन लावते. म्हातारे डायलिसिसवर आहेत, गाड्या बंद म्हणून एक पाळी चुकली आहे. त्यांची सून बोलते, या हिंदी मुलखात आपल्यासारखीच घरात मराठी बोलणारी. तिचंही "हो जी" होतं. मी फोन ठेवणार, तोच सेक्टर दोनमधलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी नुकती शिकून आले होते आणि तुझ्या शुगरसाठी छापील तक्ता भिंतीला चिकटवला होता, त्यात ओट्स, सफरचंद, कसलं कसलं तेल. तू भाताची पेज काढत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मी काय रांधून राहिली, हे इचारलं का तुनं मले?" मी रागावून बाहेर निघून गेले होते.

म्हणून सुनेला विचारलं, आज सकाळपासून त्यांच्या पोटात काय काय गेलं? भात, थोडी लौकीची भाजी, असं सांगता सांगता ती म्हणाली, "कमजोरी आली ना त्यायले, तं नारळपानी देऊन राहिलो. दिवसाचे तीन." डायलिसिस चुकलेल्या माणसाचं हृदय नारळपाण्यातल्या पोटॅशियमनं बंद पडू शकतं. ते लगेच थांबवा म्हटलं, अँब्युलन्स पाठवली. दुपारीच त्यांचं डायलिसिस झालं, ते वाचले. डॉक्टरांनी कौतुक केलं. मला काही वाटलं नाही, मी पुढचा नंबर लावला.

आठवड्यानं तिचाच फोन आला. सासरे चार घास खाऊ लागले होते. ती म्हणाली, "ताई, आमाले असं कोनीच इचारलं नव्हतं. हे कुठं शिकल्या तुमी?"

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. तू आठवत होतीस, तरी मी तिला सांगितलं, कॉलेजात.