बन्सीमामांनी पारखलेला पेंटियम

घोडेगाव, २२ मार्च १९९८

चि. यशोधरा हिस बाबांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. तुझी तब्येत आणि पुण्याच्या मेसचं जेवण, दोन्ही बरं असावं. माझा गुडघा दुखतो, पण तो तू इथे होतीस तेव्हाही दुखायचा, म्हणून त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही.

पत्रास कारण तुझंच दिवाळीचं पत्र. घरी गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालेल असा कॉम्प्युटर असता तर सुट्टीला तरी आले असते, असं लिहून तू खाली सुट्या भागांची यादी दिली होतीस. (चेष्टेत लिहिलं असशील. पण मी बत्तीस वर्षं बैलबाजारात पावत्या फाडल्या, कागदावरचं मी खरं धरतो.) ती यादी घेऊन मागच्या आठवड्यात नगरला गेलो. सोबत बन्सीमामांना घेतलं, कारण एवढी मोठी खरेदी दलालाशिवाय करायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि बैलाची पारख त्यांच्याइतकी तालुक्यात कोणाला नाही.

मामांनी आधी सगळ्यांत रुंद छातीची कॅबिनेट काढायला लावली. आतला पंखा सुरू होताच कान लावून म्हणाले, "याचा श्वास लई वर लागतोय, हे न्हाई घ्यायचं." तीन पंखे बदलले. (मॉनिटर बैलासारखा चार पावलं चालवून दाखवा म्हणाले तेव्हा मी चिमटा काढला.) भाव करायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि दुकानदाराचा हात त्याखाली ओढला. टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगायची बाजाराची रीत त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. हात सोडवून घेण्यासाठी तो जॉयस्टिक फुकट देऊन बसला. मग रॅमची, म्हणजे मेमरीची, पट्टी आली. तुझ्या यादीत नुसतं बत्तीस एमबी होतं. मामा अडून बसले, एकटी घेणार नाही, एका उंचीची, एका रंगाची जोडी दाखवा. मी मान खाली घातली, पण दुकानदार पहिल्यांदाच खूश झाला. या मशीनला सोळा-सोळाची सारखी जोडीच लागते, एकटीवर ते उठत नाही, असं तो म्हणाला. तेव्हापासून मामा गावभर कॉम्प्युटरचे जाणकार म्हणून फिरताहेत.

मशीन आता आईच्या शिलाईच्या टेबलावर ठेवलंय, पण ते सुरू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो. मामा म्हणतात दुकानदाराला बोलवा. मला वाटतं तूच येऊन पाहिलेलं बरं. आई गेली तेव्हापासून दोन वर्षं तू या घरात पाऊल टाकलं नाहीस. तिच्या वस्तू तुला बघवत नाहीत, हे मला कळतं. मलाही बघवत नाहीत, पण मला दुसरं घर नाही. नगरची एसटी आली की मी फाट्यावर जाऊन उभा राहतो, आणि कोणी विचारलं तर पेपर घ्यायला आलो म्हणतो. तुझी फार आठवण येते, बाळा.

तुझे बाबा,
उत्तमराव

ता. क. चौदा एप्रिलच्या आत ये. जयंतीला खीर मी करीन. मागच्या वर्षी करपली होती, तरी मामांनी दोन वाट्या खाल्ल्या.

आणखी ता. क. मशीन बिघडलेलं नाही. दुकानदाराने बसवून दिलं त्या दिवशी मी स्वतः दिवे लागेपर्यंत गाडी चालवली (तीनदा कठड्यावर आपटली). मग जोडीतली एक रॅम त्याने शिकवल्याप्रमाणे काढली आणि आईच्या सुयांच्या डबीत ठेवली. एकटीवर चालत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. येऊन बसव.