उडालेल्या मोनालबाबत

पिंपळगाव राजा

भगवंतराव भाऊजींना निवृत्तीचा दंडवत.

तुमचा गुडघा थंडीत कसा आहे? इकडे आम्ही ठणठणीत. बर्फातून आल्यापासून मला कमी ऐकू येतं असं मनकर्णा म्हणते (मला वाटतं, ते लग्नापासूनच आहे).

सुचिताला बर्फातल्या पाखरांचे फोटो काढायला उत्तराखंडात एकटी कशी पाठवायची, म्हणून तुम्ही मला, तिच्या सख्ख्या मामाला, सोबत दिलंत. पोरीनं वर्षभर त्या मोनाल पक्ष्याचा ध्यास घेतला होता, हे मला ठाऊक होतं. मी तिचा ट्रायपॉड वाहिला, माकडटोपीवर मफलर बांधला आणि पहाटेपासून तिच्यामागे गप्प बसलो. (बर्फ दिसायला जिनिंगमधल्या रुईसारखा असतो, पण त्यावर बसू नये.) आजूबाजूला लांबलांब नळ्यांचे कॅमेरे लावून सगळे श्वास रोखून. तेवढ्यात तो आला. मोराच्या गळ्याचा रंग, कोंबड्याएवढा देह, बर्फ उकरत थेट पुढ्यात. सुचितानं बटणावर बोट ठेवलं. आणि भाऊजी, मी उठून दोन्ही हात वर केले आणि "हाऽऽट! हुर्र्र्र!" असा आवाज दिला.

लहानपणापासून ज्वारीतली पाखरं राखतोय. पाखरू टिपायला वाकलं की माझं तोंड मला विचारत नाही. मोनाल दरीत गेला तो गेलाच. सुचिता गर्रकन वळली, त्यात बटण दाबलं गेलं, आणि सगळ्या सहलीत एकच फोटो स्पष्ट आला, तो माझा. "मामा, तुम्ही काऊन वरडले?" एवढंच तिनं विचारलं. "मले काय मालूम बाई, आपोआप झालं," मी म्हटलं. मग नांदुरा येईपर्यंत ती रेल्वेच्या खिडकीशीच बोलली.

तो फोटो तिनं मामीला पाठवला, खाली एक शब्द न लिहिता. मनकर्णानं त्याचा फ्लेक्स करून ज्वारीत उभा केला. रस्त्यानं जाणारे विचारतात, कोणत्या निवडणुकीला उभे आहात? पण गुण आहे. एक पाखरू शेताकडं फिरकत नाही. तरी मला त्याचा आनंद नाही. पोर बोलत नाही, हे जिवाला लागलंय.

ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
निवृत्ती

ता. क. फ्लेक्सबद्दल वर लिहिलं ते पहिल्या आठवड्यापुरतं खरं. आता पोपट माझ्या डोक्यावर (फ्लेक्सवरच्या) ओळीनं बसतात आणि कोणतं कणीस खायचं ते तिथून ठरवतात.

आणखी एक. सुचिताला हुरड्याला पाठवा, कॅमेरा घेऊन. बर्फ नाही, पण पोपट हलत नाहीत. मी त्यांना हाकलणं बंद केलंय, तोंडाला रुमाल बांधून शेताच्या धुऱ्यावर बसतो. ज्वारी रोज कमी होऊन राह्यली, तेव्हा जरा लवकर.