खूण बदललेलं विमान

उन्मेषराव,

मधुवंतीनं आम्हाला न विचारता तुमच्याशी लग्न केलं, तेव्हा जावयाशी बोलायचं नाही असा तह मी आणि तुमच्या सासूबाईंनी केला. तुम्ही हातानं बनवून पाठवलेलं रोमानियाचं लढाऊ विमान मी तरीही शोकेसमध्ये ठेवलं. सोबतची चिठ्ठीही वाचली. दुसऱ्या महायुद्धात तो देश जर्मनीवर उलटला, पण वैमानिक तेच आणि विमानंही तीच राहिली. पंखावरची खूण रंगवून बदलली आणि जर्मनांवरच चालून गेले.

मीही बाजू बदलून राहिलो आहे. हिला सांगायची हिंमत नाही.

आत्ता पाणी प्यायला उठलो, तर पातेल्यात तांदूळ भिजत होते. ही जागीच होती, म्हणून विचारलं.

"हे काहून वं?"

"तुमच्यासाठी अनारसे करून राहिली."

सध्या अधिक महिना आहे. त्यात अनारसे जावयाला देतात, हिच्या हातचे मला कधीच मिळाले नाहीत. शिवाय तांदळाला आंबूस वास होता. म्हणजे ही दोन-तीन दिवसांपूर्वीच उलटली.

पत्र पाठवत नाही. ही तुम्हाला जेवायला बोलावेल तेव्हा मी थोडा फुगून बसेन. तिलाच माझी समजूत काढू दे.

जुन्याच खुणेखाली उडणारा,
तुमचा सासरा कृष्णकांत
नागपूर