काकवीवर चालणारी क्रेन

सोम. २४ नोव्हेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, मग आपण का मागं राहायचं?

शाळेच्या विज्ञान मंडळात राजलक्ष्मी मॅडमनी पोरांशी दहा मिनिटं बोलायला बोलावलं. बोललो. शाळा सुटेपर्यंत. निघताना मॅडम म्हणाल्या, आबा, असंच कधीतरी येत जा. म्हणजे नेमणूकच की. उद्यापासून रोज.

उभी हयात साखर कारखान्यात यंत्रांना ऑइल पाजण्यात गेली. शाळा सातवीपर्यंत, पण यंत्राची नाडी कळते. वडगावच्या पोरांचं नशीब थोर.

बुध. २६ नोव्हेंबर

मंडळाला पुण्याहून खोका आलाय. सिरिंजा, नळ्या, पट्ट्या, वर एक पुस्तक. आठवीतली स्वरूपा त्यातून उसाची मोळी उचलणारी क्रेन करतीय. इकडची सिरिंज दाबली की नळीतलं पाणी तिकडच्या सिरिंजला ढकलतं, क्रेनचा हात वर. डिसेंबरात बारामतीला तालुक्याचं प्रदर्शन. नंबर आला तर पोरगी जिल्ह्याला. आणि मॉडेलशेजारी उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसाच्या छातीवर बिल्ला: 'मार्गदर्शक'.

बिल्ला मला शोभेल.

पोरगी पुस्तकात बघून करते. म्हणालो, पुस्तक मिटव, पोहायला शिकायचं तर विहिरीतच पडावं लागतं. मिटलं नाही. लाजाळू आहे.

शुक्र. २८ नोव्हेंबर

पारावर सांगून टाकलं, बारामतीला जाणार, बिल्ला लावणार. रावजी म्हणाला, आरं दादासो, तू ऑइलमन, सायंटिस्ट कवा झालास? मळीच्या वासानं डोकं फिरलं व्हय? सगळे हसले.

जळतो. जळत्याला फुंकर घालू नये.

मंगळ. २ डिसेंबर

क्रेनमध्ये मोठी सुधारणा. पाण्यात काय दम असतो? नुसत्या ताकावर कुणी औत ओढतं का? मधल्या सुट्टीत स्वरूपा डबा खायला गेली, तेवढ्यात सिरिंजांतलं पाणी काढून काकवी भरली. घट्ट, वजनदार, शिवाय घरच्या उसाची.

पोरगी आली, दाबलं. हलेना. मी दाबलं, चांगला जोर लावून. नळी सटकली. काकवी तिच्या वेणीपर्यंत गेली आणि क्रेनचा हात मोडला. रडली. नवं काही बघितलं की पोरं भांबावतात. ऋषिराज म्हणून एक आगाऊ कार्टं आहे, ते म्हणालं, आबा, मुंगळ्यांचं जेवाण झालं, आता आमचं काय?

संध्याकाळी भाकरी गेली नाही. पित्त असणार.

शुक्र. ५ डिसेंबर

बढती! स्वरूपा स्वतः म्हणाली, आबा, तुमच्यासाठी स्पेशल क्रेन बनवलीय, मागच्या खोलीत ठेवलीय. तितं तुमाला कोण डिस्टर्ब करणार न्हाय. दार तेवढं ओढून घेत जावा. ऋषिराजनं दारावर पाटीही लावली, 'आबांची लॅब'. डोळ्यांत पाणी आलं. कारखान्यात बॉयलरवर सुद्धा माझं नाव नव्हतं.

शनि. ६ डिसेंबर

सून वृषाली चपात्या लाटत होती. नात सृष्टी, तीन-चार वर्षांचा जीव, सारखी पोळपाटाला हात घाली. शेवटी वृषालीनं तिला कणकेचा गोळा तोडून दिला. घे, चिमणी कर, खेळत बस. पोरगी खूश होऊन कोपऱ्यात. तिला वाटतं आपणच सैपाक करतोय!

लहान जीव किती सोप्यात फसतो. बराच वेळ हसू येत होतं.

बुध. १० डिसेंबर

लॅबमध्ये प्रगती. काकवी जरा पातळ करून भरली. क्रेन वर जाते, खाली येत नाही. वर नेणं हे माझं काम, खाली आणणं पृथ्वीचं. पृथ्वी कमी पडते.

मुंग्या आल्यात. म्हणजे माल अस्सल. हळदीची रेघ ओढली. मॅडम दारात आल्या, बघितलं आणि तोंडाला रुमाल लावून गेल्या. हळव्या आहेत.

पोरांना विचारलं, प्रदर्शन कधी? त्यांनी एकमेकांकडं बघितलं. ऋषिराज म्हणाला, एकोणीसला, शुक्रवारी. सकाळी फाटकापाशी या आबा. फेटा बांधून या.

बुध. १७ डिसेंबर

धोतराला कडक इस्त्री. फेटा तयार. परीक्षकांसमोर काय बोलायचं ते म्हशीसमोर बोलून बघितलं. म्हैस शेवटपर्यंत ऐकत होती.

रावजीला सांगितलं, परवा बिल्ला दाखवायला येतो, चष्मा पुसून ठेव.

स्वरूपा म्हणाली, आबा, उद्या शाळेत येऊ नका, आराम करा. काळजी करते पोरगी.

गुरु. १८ डिसेंबर

आराम केला. पोरांना माझ्यावाचून करमलं नसेल.

शुक्र. १९ डिसेंबर, दुपार

सकाळी फाटकापाशी उभा राहिलो. काखेत क्रेन, सदऱ्यावर मुंग्या. गाडी नाही.

आतून टाळ्या ऐकू आल्या. गेलो. स्वरूपाच्या गळ्यात हार. काल बारामतीत पहिला नंबर आला. जिल्ह्याला चालली. टेबलावर तिची क्रेन होती, आत साधं पाणी. दाबलं की वर, ओढलं की खाली.

मॅडमच्या पदराला बिल्ला अजून तसाच होता. म्हणाल्या, आबा, गाडीत जागा नव्हती हो. ऋषिराज म्हणाला, तारखेत जरा गल्लत झाली. मागची पोरं फिसफिसली. स्वरूपा खाली बघत म्हणाली, आबा, राग मानू नका, पर तुमी हात लावला आसता तर...



म्हणालो, अगं, छान झालं. आवाज नीट निघाला नाही. फेटा आवळ बांधला की होतं तसं.

पार चुकवून मागच्या बोळानं आलो. रावजी नेमका बोळाच्या तोंडाशी. दादासो, काल बारामतीत पोरं दिसली, तू कुठं दिसला न्हाईस? आन बिल्ला कुठं हाय? चष्मा पुसलाय मी.

घरी वृषाली चपात्या लाटत होती. फेटा काढून भिंतीला टेकून बसलो. सृष्टी कोपऱ्यातून उठून आली. माझ्या तोंडाकडं बघितलं. हातातला कणकेचा गोळा निम्मा तोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, घे आबा. खेळत बस.

चिमणी केली. चोच जमली नाही.