आरसा अजून हलतोय

काळेवाडी, सोमवार

प्रिय गुरुदत्तराव यांना ज्योतीरामचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या गुडघ्यांना आराम असेल, वहिनींचं पित्त शमलं असेल आणि औशाला नळाचं पाणी निदान आठवड्यातून दोनदा तरी येत असेल अशी आशा करतो. इकडे सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. मी फोनवर बोलायला लागलो की तुमची बहीण स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करते. (ऐकायला, दुसरं काय.) अक्षराला मात्र हसू नका. हे तिसरं पेन आहे. घरातली दोन्ही वाकडी चालायला लागली म्हणून सूनबाईचं, वर्षालीचं, मागून घेतलं, तर तेही तसलंच. हल्ली पेनं न तपासताच पॅक करतात, याबद्दल माझी खात्री झाली आहे.

आता मुद्दा. मामांनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, आपली शहात्तर सालची साडेतीनशे सीसीची मोटरसायकल मुलाला न देता जावयाला दिली, आणि तुम्ही ते वीस वर्षं हसतमुखाने सोसलंत. (इतकं हसू मला तेव्हाही पटलं नव्हतं.) ही गाडी सुरू झाली की शेजारच्या छबूबाईंच्या मांडणीतली भांडी वाजायची, आणि आकुर्डीपर्यंत जाऊन आलं की माझ्या हातांना अर्धा तास मुंग्या यायच्या. पण मी कधी तक्रार केली नाही. तक्रार केली ती गेल्या महिन्यात तुमच्या बहिणीने, कौशल्येने. म्हणाली, गाडीचा हादरा एकदाचा काढून घ्या, म्हणजे कळेल तरी. काय कळेल, असं विचारलं तर भाजी ढवळायला लागली. गाडीवर दमडी खर्च करू न देणारी बाई स्वतःहून मेकॅनिकचा फोन नंबर काढून देते, तेव्हा माणसाने सावध व्हायला नको का?

मेकॅनिक म्हणजे तळवड्याचा भिमाजी. जुन्या गाड्यांचा जाणकार म्हणवतो. त्याने इंजिन खोलून क्रँक बॅलन्स केला, इंजिन आणि चेसिसच्या मध्ये रबरी बुश घातले, हँडलच्या दोन्ही टोकांना वजनं बसवली. गाडी चालू ठेवून पेट्रोलच्या झाकणावर पाचाचं नाणं कडेवर उभं केलं, तर ते पडेना. "काका, आता देवघरात ठिवली तरी दिवा इझायचा न्हाई," असं म्हणाला. इथेच पाल चुकचुकली. मी चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. संशय घेण्याचाच मला पगार होता. पहिल्याच खेपेला पास झालेला माल मी कधी पुढे सोडला नाही.

आणि झालंही तसंच. घरी येईपर्यंत उजवा आरसा हलत होता. मागच्या गाडीचा नंबर वाचता येईना. गाडी परत नेली. भिमाजी बसला की आरसा गपगार, मी बसलो की पुन्हा थरथर. असं तीनदा. (मी बसताना हा काहीतरी ढिलं करत असणार, म्हणून मी गाडीभोवती फिरत राहिलो, तर तोही माझ्याबरोबर फिरत राहिला.) मी गाडीला आमच्या कंपनीच्या रीतीप्रमाणे पिवळा टॅग बांधला : होल्ड, चौकशी चालू. इंजिन बदललं असेल म्हणून त्याच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. गाडीच्या कागदपत्रांशी नंबर जुळला. पण नंबर मारता येतो हो, मी स्वतः मारून घेत असे. तिसऱ्या खेपेला तर भिमाजी गाडी सोडून माझ्या हातांकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "गाडीत काय बी न्हाई, काका. काकूंस्नी इचारा." काकूंना कशाला विचारायचं? म्हणजे दोघांचं आतून काहीतरी ठरलेलं आहे.

त्यात ही आता मला चहा अर्धाच कप देते. दुधाची काटकसर म्हणावी तर वर्षालीला काठोकाठ. आणि गाडी भिमाजीकडे गेली त्याच आठवड्यात तुम्ही फोन करून "गाडी कशी काय?" असं विचारलंत. वीस वर्षांत माझी तब्येत विचारली नाहीत. तेव्हा स्पष्टच विचारतो : मामांचं मूळ इंजिन सध्या औशाला तुमच्या गोठ्यात आहे का? उलट टपाली खुलासा करावा.

आपला,
ज्योतीराम

ता. क. वरचा मजकूर काल लिहिला. आज दुपारी कौशल्येने मला अंगणात नेलं. म्हणाली, "बसा गाडीवर. धरा हँडल." बसलो. आरसा हलत होता. मी म्हटलं, बघ, अजून हादरा आहे. ती म्हणाली, "अहो, गाडी बंद आहे." किल्ली तिच्या कमरेला होती.

कंपनीत नव्या भरतीला मी पहिल्याच दिवशी बजावत असे, की माल नापास करण्याआधी तुमचं मापयंत्र तपासा. माझं मापयंत्र म्हणजे माझे हात, आणि ते तपासायचं मला सुचलं नाही. हिला वर्षभरापासून दिसत होतं. मी दर वेळी गाडीवर ढकलत होतो, म्हणून हिने गाडीचं निमित्तच काढून टाकलं. कप अर्धा असतो तो सांडू नये म्हणून.

दुसरा ता. क. गुरुदत्तराव, मला भीती वाटते. डॉक्टरांनी रविवारी बोलावलं आहे. तुम्ही शनिवारीच या. गाडी न्यायला नको, ती इथेच राहील. रविवारी ती तुम्ही चालवा, मी मागे बसतो. रस्ताभर काही विचारू नका. इंजिनाबद्दल वर जे लिहिलं ते मात्र मागे घेत नाही, आल्यावर बोलू.

तिसरा ता. क. पिवळा टॅग गाडीचा सोडला. वर्षालीचं पेन परत केलं. तिन्ही पेनं चांगली आहेत.