यादी ४९६ दिवस जुनी

सोमवार, ४ मार्च
आजपासून शिस्त. नगरपालिकेच्या संगणक विभागाचा, म्हणजे माझा आणि यास्नाचा, नवा नियम: बोर्डाच्या प्रोग्रॅमची चाचणी चालू असताना पडद्यावर अनपेक्षित अशी एक ओळ जरी उमटली, तरी चाचणी नापास. आतापर्यंत उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण मिळायची. प्रोग्रॅम बाजूला काय कुरकुरतोय ते कोणी वाचत नव्हतं. कल्पना यास्नाची. पण मंजूर मी केली, म्हणजे माझीच.
महापौरांनी एवढंच विचारलं, ओयार्सो, किनाऱ्यावरचा भरती-ओहोटीचा बोर्ड चालू राहील ना? म्हटलं, चालेल कसला, धावेल.

मंगळवार, ५ मार्च
नियम लावला. एकशे अठ्ठावीस चाचण्या, सगळ्या नापास. नियम उत्तम काम करतो आहे.

गुरुवार, ७ मार्च
अपवादांची यादी सुरू केली. निरुपद्रवी ओळी तिच्यात टाकायच्या, म्हणजे त्या 'अपेक्षित' होतात. आज चौतीस टाकल्या. यास्ना म्हणाली, वाचून टाक रे बाबा, नुसत्या टाकू नकोस. वाचायला पुढचा आठवडा ठेवला आहे.

रविवार, १० मार्च
जेवायला सासूबाईंकडे. गाव त्यांना मानाने दोन्या एर्मिंदा म्हणतं; समोरच्या बेटावरच्या चॅपलच्या त्या कारभारी. बेटावर जायची वाळूची वाट ओहोटीत तीन तास उघडी असते, एरवी पाण्याखाली. कधी उघडी, कधी बंद, ते किनाऱ्यावरचा माझा बोर्ड मिनिटासकट दाखवतो. सासूबाई मात्र वाटेच्या मधोमध रोवलेला जुना खांब बघतात. बुंध्याला पाणी लागलं की मागे फिरायचं, अडकलंच कोणी तर पायऱ्यांनी वर चढायचं. दोन-दोन ठिकाणी बघून लोकांचा गोंधळ होतो. खांब काढायचा अर्ज उद्याच देतो.

मंगळवार, १२ मार्च
एकशे सत्तावीस चाचण्या हिरव्या! एकच नापास. पडद्यावर ओळ: वेळेची यादी ४९६ दिवस जुनी आहे, नवी भरा. टाकली अपवादांत.

बुधवार, १३ मार्च
तीच चाचणी नापास. ओळीत आज ४९७ आहे, त्यामुळे कालच्या अपवादाशी जुळत नाही. टाकली अपवादांत.

गुरुवार, १४ मार्च
४९८. टाकली.
अर्ज मंजूर. खांब कापला. सासूबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, जावईबापू, या खांबाने सत्तावीस जीव वाचवलेत, तुमच्या बोर्डाने किती? मी शांतपणे सांगितलं की बोर्ड लागल्यापासून खांबावर चढायची वेळ कोणावर आलेली नाही. त्या म्हणाल्या, बोर्ड लागून सहा महिने झालेत. गेल्या तेव्हा मागे वळून पाहिलं नाही. समुद्र दिवसभर तेलासारखा गुळगुळीत.

सोमवार, १८ मार्च
५०२. शनिवार-रविवारीसुद्धा त्या ओळीने मोजणं सोडलं नाही. मी नसताना रिकाम्या ऑफिसात ती ओळ आकडा वाढवत बसते, हा विचार बरा वाटला नाही. यास्ना म्हणते, हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे घ्यायची तारीख सरकारने या वर्षी मे महिन्यातून एप्रिलवर आणली आहे, ही ओळ त्याचंच सांगत असेल, बोर्डातली वेळेची यादी अशा तारखांचीच असते, तू ती भर. यादी बोर्ड लागायच्या आधीच जुन्या कंत्राटदाराने भरलेली; नवी भरायची तर पासवर्ड त्याच्याकडून मागावा लागेल. त्याच्याशी मी गेल्या नाताळापासून बोलत नाही.

बुधवार, २० मार्च
यास्नाला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला पोर्तो माँटला पाठवलं. तिची प्रगती महत्त्वाची.

मंगळवार, २६ मार्च
५१०. रोज टाकायचा कंटाळा आला. आज एकच अपवाद लिहिला: ठिपका आणि तारा. अर्थ, कुठलीही ओळ. सगळ्या चाचण्या हिरव्या. नियम शाबूत, शिस्त शाबूत. आता मला काहीही अनपेक्षित नाही.

शनिवार, ६ एप्रिल
उद्या सान विसेंते या संताची मिरवणूक. मूर्ती खांद्यावर घेऊन सव्वाशे माणसं बेटावर जाणार आणि त्याच ओहोटीत परतणार, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं धरून. खांब नाही म्हणून सगळे बोर्डावरच विसंबून जाणार. अभिमान वाटला.
यास्नाचा फोन. आज मध्यरात्री घड्याळं एक तास मागे, यादी भरलीस ना? म्हटलं, फोन आपोआप बदलतात. ती म्हणाली, अरे, फोन बदलतात, तुझा बोर्ड बदलतो का? चाचण्या हिरव्या आहेत असं सांगितलं. तिकडून फोन कट झाला. लाइन खराब असावी.

रविवार, ७ एप्रिल, दुपारी १२:५०
बेटावर. बोर्डाप्रमाणे वाट ११:५० ते २:५०. आम्ही ११:५० ला वाटेशी पोचलो तेव्हा वाळू नुकतीच उघडी पडलेली असायला हवी होती, पण ठणठणीत कोरडी होती. ऊन चांगलं असेल.

१:३५
परत निघायची वेळ. सासूबाई चॅपलच्या पायरीवर बसल्या आहेत, मूर्ती उचलू देत नाहीत. म्हणतात, लाल चोचीचे पक्षी शिंपले सोडून किनाऱ्याकडे निघालेत. म्हटलं, अजून सव्वा तास आहे, पक्ष्यांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, म्हणूनच ते जिवंत आहेत. सव्वाशे माणसं माझ्या तोंडाकडे बघताहेत. कोणीतरी पुढे व्हायला हवं. मी होतो पुढे.

सोमवार, ८ एप्रिल
वही वाळली. पानं एकमेकांना चिकटली आहेत.
काल निम्म्या वाटेवर पाणी दोन्ही बाजूंनी एकदम आलं. आवाज नाही. १:५५ ला गुडघे, २:०५ ला कंबर. खांबाचा बुंधा पायाला लागला, वीतभर उंच. त्यावर उभा राहिलो. वर चढायला पायऱ्या नव्हत्या. पाणी छातीला लागलं तेव्हा किनाऱ्यावरचा बोर्ड स्पष्ट दिसत होता: वाट उघडी.
सासूबाईंचा भाचा होडी घेऊन आला. मला ओढून घ्यायच्या आधी वल्हं आडवं धरून विचारलं, ओयार्सोसाहेब, होडीत येताय की बोर्डावर 'वाट बंद' येईपर्यंत थांबताय?
मिरवणूक रात्रीच्या ओहोटीला परतली. सगळी. सासूबाईंनी मोजून घेतली.
सकाळी यास्ना पहिल्या बसने आली. माझा ठिपका-तारा पुसला आणि चाचण्या चालवल्या. एक नापास. ५२३ दिवस. तिने कंत्राटदाराला फोन लावला. पासवर्ड मिळायला चार मिनिटं लागली. यादी भरताच बोर्डावरच्या वेळा तासभर अलीकडे सरकल्या.
नवा खांब गुरुवारी. खणणाऱ्यांच्या यादीत माझं नाव पहिलं, सासूबाईंच्या अक्षरात. किती वाजता निघायचं म्हणून विचारलं. म्हणाल्या, मी सांगेन तेव्हा.